थ्री नॉट थ्री असती तर

बंदुकांविषयी लिहिण्याचा अधिकार मराठीच्या मास्तराला कोणी दिला, हा प्रश्न वाचकांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. तो आमच्याही मनात आला होता आणि त्याचे समाधानकारक उत्तर आमच्यापाशी नाही. महाविद्यालयात असताना राष्ट्रीय छात्रसेनेत दोन वर्षे काढली. उभ्या आयुष्यात थ्री नॉट थ्रीच्या पाच गोळ्या झाडल्या. त्यांतल्या तीन लक्ष्यामागच्या मातीच्या ढिगात गेल्या आणि उरलेल्या दोन कुठे गेल्या ते उस्तादांनाही सांगता आले नाही. खांदा मात्र आठवडाभर निळा होता. एवढेच आमचे भांडवल.

तरीही लिहावे लागते आहे, कारण गेली वीसबावीस वर्षे दर सुट्टीत गोरेगावच्या ओसरीवर आमचा आणि तात्यांचा एकच वाद चालत आला. तात्या म्हणजे आमच्या वडिलांचे चुलतभाऊ. गोरेगाव म्हणजे हिंगोली जिल्ह्याच्या सेनगाव तालुक्यातले. मुंबईच्या गोरेगावचे नाव काढले की लोकांना चित्रनगरी आठवते, आमच्या गोरेगावचे काढले की लोक "ते कुठे आले?" म्हणून विचारतात. हळद, सोयाबीन, तूर आणि पावसाची वाट पाहणे हे इथले उद्योग. ज्यांना वाट पाहणे जमले नाही ते भरतीला गेले. खाकी कपड्याचे इथे कोणाला अप्रूप नाही. निजामाच्या राज्यात हैदराबाद कंटिन्जंटची छावणी १९०३ पर्यंत हिंगोलीला होती, आणि आज राज्य राखीव पोलीस बलाचा बारावा गट हिंगोलीलाच आहे. तात्या पोलिसांच्या एका सशस्त्र दलात होते. कोणत्या, ते सांगण्याची गरज नाही. नोकरीच्या पहिल्या भागात त्यांनी थ्री नॉट थ्री वागवली, दुसऱ्या भागात एसएलआर. वाद या दोन रायफलींचा. आमचा पक्ष एसएलआरचा, तोही पुस्तके वाचून बनलेला. तात्यांचा पक्ष थ्री नॉट थ्रीचा, आणि त्याला आधार एका सकाळचा.

ती सकाळ आम्ही इतक्या वेळा ऐकली आहे, की तात्या श्वास कुठे घेतात तेही आम्हांस पाठ होते. गोष्ट नेहमी एकाच वाक्याने सुरू होई. "नाल्यापाशी आलो तवा सूर्य निघाला नव्हता." पूर्वेकडचे जंगल, पावसाळा, गस्तीवरची तुकडी. नाल्याच्या पलीकडून गोळीबार सुरू होतो. तात्या आडवे पडतात, शिस्त घेतात, चाप दाबतात. एक गोळी सुटते. पुन्हा दाबतात, काही नाही. दांडी ओढतात, रिकामे टरफल बाहेर पडते, पुढची गोळी आत जाते, सुटते, आणि पुन्हा तेच. वीस गोळ्यांच्या मॅगझिनसाठी एकोणीस वेळा दांडी ओढावी लागली. त्या अवधीत त्यांचा जोडीदार उघड्यावरून झाडाकडे धावत होता. झाड चार पावलांवर राहिले. गोळी मांडीत लागली, वाहन उशिरा आले, पाय गेला. मग तात्या पानाची चंची उघडत आणि ठरलेले वाक्य येई. "एसएलआरनं दगा दिला. थ्री नॉट थ्री असती तर त्याचा पाय राहिला असता."

वर्गात कथनमीमांसा शिकवताना आम्ही अविश्वसनीय निवेदकाची संकल्पना सांगतो. वेन बूथ यांनी १९६१ मध्ये ती मांडली, आणि तेव्हापासून जगातल्या साहित्याच्या प्राध्यापकांची निदान एका तासिकेची सोय झाली. विद्यार्थी विचारतात, निवेदक विश्वासार्ह नाही हे ओळखायचे कसे? आम्ही सांगतो, तो काय सांगतो याहून तो गोष्ट कुठून सुरू करतो याकडे लक्ष द्या. हे वाक्य आम्ही वर्षानुवर्षे उच्चारले. ते आमच्याच ओसरीवर लावून पाहण्याचे मात्र कधी सुचले नाही.

आता त्या दोन रायफली. थ्री नॉट थ्री हे नाव नळीच्या व्यासावरून पडले, इंचाचे हजारात तीनशे तीन भाग. इंग्रजी नाव ली-एनफिल्ड. ली म्हणजे जेम्स पॅरिस ली हे रचनाकार, एनफिल्ड हे कारखान्याचे गाव. याच गावच्या जुन्या रायफलीच्या काडतुसांवरून १८५७ चा भडका उडाला, आणि काडतूस या शब्दाला मराठी गद्यात कायमची जागा मिळाली. १९०७ साली छापून आलेल्या विष्णुभट गोडसे यांच्या ‘माझा प्रवास’मध्येही काडतुसांची ती हकिगत आहे. आपल्याकडची थ्री नॉट थ्री बंगालातल्या ईशापूरच्या कारखान्यात बनत असे. वजन चार किलोच्या आसपास, मॅगझिनमध्ये दहा गोळ्या, त्या पाचपाचच्या पट्टीतून वरून भरायच्या. प्रत्येक गोळीनंतर बोल्ट हाताने उचलायचा, मागे ओढायचा, पुढे ढकलायचा, खाली दाबायचा. तिचा बोल्ट फार थोडा फिरवावा लागतो आणि तो कोणत्याही तत्कालीन रायफलीहून चपळ चालतो. पहिल्या महायुद्धापूर्वीच्या ब्रिटिश शिपायाकडून मिनिटाला पंधरा नेमके बार तीनशे यार्डांवर अपेक्षित असत, आणि कसलेले हात त्याहून पुढे जात. गोळी ज्या खणात बसते तो खण या रायफलीत जरा ऐसपैस ठेवलेला असतो, त्यामुळे धूळ-चिखल लागलेले काडतूसही ती कुरकुर न करता गिळते.

दोष नाहीत असे नाही. तिच्या काडतुसाच्या बुडाला बाहेर आलेली कड असते. भरताना वरच्या काडतुसाची कड खालच्याच्या मागे गेली की दोन्ही एकमेकांत अडकतात. छात्रसेनेत आमच्याकडून हे झाले होते, आणि त्यावर उस्तादांनी जे उद्गार काढले ते भाषाशास्त्राच्या दृष्टीने मोलाचे असले तरी इथे देता येत नाहीत. तात्यांना हा दोष मान्य होता. "पण ते दिसते," ते म्हणत. "अडकलं त डोळ्यानं दिसते. तिचं काई लपून नाई. हात चालला त ती चालते, हात थांबला त ती थांबते."

एसएलआर म्हणजे स्वतःच स्वतःला भरणारी रायफल. बेल्जियममधील एर्स्तालच्या कारखान्यात द्यूदोने सेव्ह यांनी रचलेली एफएएल ही तिची मूळ माय. नव्वदाहून अधिक देशांनी ती वापरली. १९६२ साली आपले पायदळ मुख्यतः थ्री नॉट थ्री घेऊन हिमालयात उभे होते आणि समोरच्यांच्या हाती स्वयंभरणाची शस्त्रे होती. त्या अनुभवानंतर ईशापूरची एसएलआर फौजेत येत गेली, आणि १९७१ च्या युद्धापर्यंत पायदळाची मुख्य रायफल झाली. पोलिसांकडे ती आणखी नंतर पोचली. शिरस्ता असा, की फौजेने उतरवलेला अंगरखा पोलिसाच्या अंगावर येतो, आणि पोलिसाने उतरवलेला होमगार्डच्या.

कोष्टके मांडून बसणारे लोक इथे आकडे देतात, म्हणून आम्हीही देतो. थ्री नॉट थ्रीची गोळी सव्वाअकरा ग्रॅमची, नळीतून निघताना वेग सेकंदाला सुमारे ७४४ मीटर. एसएलआरची ७.६२ मिलिमीटरची गोळी सव्वानऊ-साडेनऊ ग्रॅमची, वेग सुमारे ८४० मीटर. गुणाकार केला तर दोघींचा धक्का जवळपास सारखाच येतो. म्हणजे लागणाऱ्याला फरक कळू नये. फरक सगळा झाडणाऱ्याकडे आहे. एसएलआर साडेचार किलोच्या आसपास, वीस गोळ्यांची, आणि बोल्ट मागे ओढण्याचे काम तिने माणसाच्या हातातून काढून घेतलेले. गोळी नळीतून पुढे जात असताना तिच्यामागचा थोडासा वायू एका भोकातून वर काढलेला असतो. तो दट्ट्याला मागे ढकलतो आणि पुढचे सारे आपोआप घडते. किती वायू दट्ट्याकडे जाऊ द्यायचा ते ठरवणारी एक कडी असते. रायफल घाणीने जड झाली की वायू वाढवायचा, धक्का जास्त बसू लागला की कमी करायचा. एफएएलचे हे मोठेपण आहे, की ती आपल्या प्रकृतीची सूत्रे वापरणाऱ्याच्या हाती देते. आणि ज्यांना तिचा भरवसा वाटला नाही, त्यांची तक्रारही बहुधा याच कडीपाशी येऊन थांबते.

तिच्या समकालीनांत जर्मनांच्या जी-३ मध्ये ही वायूची भानगडच नाही, त्यामुळे साफ करायला तेवढे कमी. पण तिची दांडी ओढणे म्हणजे रुतलेली बैलगाडी काढणे. अमेरिकनांची १९५७ ची एम-१४ नेमाला उत्तम, पण व्हिएतनामच्या दमट हवेत लाकडी दस्ता फुगला की तिचा नेम ढळे. इस्रायलींना वाळूत एफएएलचा त्रास झाला आणि त्यांनी पुढे गलील केली. ब्रिटिशांनी त्याच वाळूसाठी एफएएलच्या आतल्या भागावर खाचा पाडल्या आणि तिच्याशी दीर्घ संसार केला. १९८२ च्या फॉकलंड युद्धात तर दोन्ही बाजूंच्या हातात हीच रायफल होती, अर्जेंटिनाची सलग बार काढू शकणारी, ब्रिटिशांची एकेक. रायफलीच युद्ध जिंकतात असे मानणाऱ्यांनी या युद्धाचा निकाल कोणत्या रकान्यात लिहायचा?

आम्हांला या तुलनांत सर्वांत बोलके वाटते ते एम-१६ चे प्रकरण, जरी ती लहान गोळीची म्हणून या पंक्तीत बसत नाही. १९६६-६७ मध्ये व्हिएतनामात ती मोक्याच्या क्षणी अडू लागली. रिकामे टरफल आतच चिकटून बसे आणि शिपाई नळीत गज घालून ते काढू पाही. मेलेल्या सैनिकांजवळ उघडलेल्या रायफली सापडल्या. १९६७ मध्ये अमेरिकी काँग्रेसच्या उपसमितीने चौकशी केली. काडतुसातली दारू बदलली होती, त्या बदललेल्या दारूवर रायफलीची पुरेशी परीक्षा झाली नव्हती. गोळी बसण्याच्या खणाला क्रोमचा मुलामा नव्हता. आणि ही रायफल साफ करावी लागत नाही असा समज पसरल्यामुळे सफाईचे साहित्य पुरेसे दिलेच गेले नव्हते. पुढे मुलामा आला, साहित्य आले. सफाई शिकवण्यासाठी सैन्याने चित्रकथाकार विल आयस्नर यांच्याकडून एक चित्रमय पुस्तिका काढून घेतली. साहित्याचा रायफलीच्या कार्यक्षमतेला इतका थेट उपयोग झाल्याचे दुसरे उदाहरण आम्हांस ठाऊक नाही. बदनाम झालेली ती रायफल पुढे अर्धे शतक चालली.

आपल्याकडेही १९९९ च्या कारगिल युद्धात इन्सासची मॅगझिने थंडीत तडकल्याच्या तक्रारी आल्या. २०१९ मध्ये सैन्याने ७२,४०० सिग-७१६ मागवल्या, त्या पुन्हा एसएलआरच्याच ७.६२ गोळीच्या. ही बातमी आम्ही तात्यांना वाचून दाखवली तेव्हा आम्ही जिंकल्याच्या थाटात होतो. ते म्हणाले, "गोळीशी माहं भांडण नव्हतंच." पुढच्या जानेवारीत उत्तर प्रदेश पोलिसांनी २०२० च्या प्रजासत्ताकदिनी थ्री नॉट थ्रीला समारंभाने निरोप दिला, तीही बातमी आम्ही वाचून दाखवली. त्यावर ते काहीच बोलले नाहीत. शेजारच्या बाजेवर दाळ वाळत घातली होती, तिच्यातले खडे वेचत राहिले.

मधल्या काळात आम्ही शब्दांकडे वळलो. हा आमचा प्रांत. फौजेत आणि पोलिसांत हत्यारांचे शिक्षण हिंदुस्थानीत चालते. ‘शिस्त ले’ म्हणजे नेम धर. मराठीत शिस्त म्हणजे वागणुकीची घडी. फारसीतून आलेला हा शब्द एकच आहे. बंदुकीचा नेम हा त्याचा अर्थ मोल्सवर्थच्या कोशातही आहे, आणि त्या कोशाची दुसरी आवृत्ती नेमकी १८५७ ची. म्हणजे आपण शाळेत शिस्तीचे धडे घेतो तेव्हा मुळात एका डोळ्याने पाहायला शिकत असतो. ‘नेम’ हा शब्दही तसाच दुहेरी. नेम धरायचा तो लक्ष्यावर आणि एकादशीलाही. रायफल अडण्याला फौजेत ‘रोक’ म्हणतात, नळी पुसायच्या फडक्याला ‘चिंदी’. हे सारे शब्द आमच्या गावात रोज चुलीपाशी, शेतात बोलले जातात, आणि तरी आमच्या साहित्यात रायफल जवळपास नाहीच. मराठीतल्या ज्या थोर कादंबरीचे नाव ‘रणांगण’ आहे, तिच्यात रणांगण नाही, एक बोट आहे. विश्राम बेडेकरांनी ते जाणून केले हे खरे, पण बाकीच्यांनी काय जाणून केले? एवढा शेतकरी खाकीत गेला, आणि त्याच्या हातातल्या वस्तूला आपण ‘बंदूक’ या एका शब्दात उरकले.

आणि जे लिहिले गेले ते मानपत्रांत. इटलीत १९४४ च्या जुलैत मराठा लाइट इन्फन्ट्रीचे यशवंत घाडगे मशीनगनच्या मोर्च्यावर एकटे धावून गेले. टॉमीगनचे मॅगझिन बदलायला वेळ नव्हता, म्हणून त्यांनी ती नळीकडून धरून उरलेल्या दोघांना तिने ठोकले. पुढच्या एप्रिलात सेनिओ नदीवर नामदेव जाधवांच्या हाताला गोळी लागली, टॉमीगन चालवता येईना, त्यांनी ती टाकून दिली आणि हातगोळे फेकले. दोघांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, घाडगे यांना मरणोत्तर. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री गिरगाव चौपाटीवर तुकाराम ओंबळे यांनी जिची नळी हातांनी धरून ठेवली, ती जगातली सर्वांत भरवशाची मानली जाणारी रायफल. ती अडली नाही. हे तीन प्रसंग तुलनेच्या कोष्टकात घालून पाहावेत. आम्ही प्रयत्न केला.

असो. तीन वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात आम्ही एफएएलच्या रचनेवरची एक जुनी माहितीपुस्तिका मिळवली होती, आणि विजयाच्या हव्यासाने ती गोरेगावला नेली. दुपारची वेळ. तात्या ओसरीवर खांबाला टेकून बसलेले. आम्ही एकेक भाग वाचून त्यांना मराठीत सांगत होतो. वायूच्या नळीच्या तोंडाशी एक लहानसे बूच असते, फौजी भाषेत गॅस प्लग. सफाईसाठी ते काढायचे, दट्ट्या आणि स्प्रिंग बाहेर घ्यायची, पुसायची, पुन्हा बसवायची. या रायफलीच्या तोंडावर बसवून ग्रेनेडही फेकता येत असे. त्या वेळी सगळा वायू पुढेच लागतो, म्हणून ते बूच अर्धे फिरवून बसवले की दट्ट्याकडे जाणारी वाट बंद होते. आम्ही वाचत गेलो. बूच असे उलटे बसले असता रायफल एक गोळी झाडते आणि स्वतःहून पुढची भरत नाही. प्रत्येक गोळीनंतर दांडी हाताने ओढावी लागते.

वाक्य पूर्ण झाल्यावर आम्हांला ते ऐकू आले.

आम्ही मान वर केली नाही. पुढचे पान उलटले आणि पुढचा भाग, माशी आणि मागच्या नेमाच्या छिद्राविषयीचा, वाचू लागलो. आवाज आमचाच होता, पण तो बराच लांबून येत होता. तात्या म्हणाले, "मास्तर, चहा घेता का?" आम्हांला ते एरवी अहोजाहो करत नाहीत. चहा झाला. संध्याकाळच्या गाडीने आम्ही निघालो. पुस्तिका ओसरीवरच राहिली. विसरलो म्हणावे तर तसे नव्हते, आणि ठेवली म्हणावे तर तसेही नाही.

त्या वर्षी दिवाळीला जाण्याचे आम्ही टाळले. पेपर तपासणीचे कारण नेहमी हाताशी असते. या काळात आम्हांला छळत होते ते हे, की आम्ही एका म्हाताऱ्या माणसाची गोष्ट त्याच्यापासून काढून घेतली. तीही अशा विषयात, ज्यात आमच्या नावावर पाच गोळ्या आहेत. वर्गात निवेदकाची लबाडी पकडण्याचा जो आनंद आम्ही मुलांना शिकवतो, तो छापील माणसांपुरताच बरा. नायकाला घरी जाऊन तोंड दाखवावे लागत नाही.

शिमग्यानंतर गेलो तेव्हा तात्यांनीच विषय काढला. रात्र होती, वीज गेलेली. त्यांनी सरळ सांगितले. आदल्या रात्री पाऊस होता, तंबूत बॅटरी एकच, तीही जोडीदाराच्या हातात. रायफल भिजली म्हणून त्यांनी ती खोलली, चिंदी मारली, अंधारात जोडली. सकाळी नाल्यापाशी दुसरी गोळी सुटली नाही, तेव्हाच त्यांना कळले होते.

"तवाच?" आम्ही विचारले.

"तवाच. आपल्या हाताचं काम हाय. हाताला कळते."

"मग बूच फिरवायचं होतं."

"फिरवायला बोट वर न्यावं लागते. मान उचलावी लागते." ते थोडे थांबले. "म्या मान उचलली नाई."

संध्याकाळी छावणीत परत आल्यावर शस्त्रागाराच्या माणसाने रायफल हातात घेतली, बूच पाहिले, फिरवून सरळ केले, तात्यांकडे पाहिले, आणि नोंदवहीत ‘गॅसची रोक’ एवढेच लिहिले. तो माणूस पुढे कधी काही बोलला नाही. त्याच्या त्या दोन शब्दांवर तात्या इतकी वर्षे राहत होते. जोडीदार कळमनुरीकडचा. दर दिवाळीला तात्या त्याच्याकडे फराळ घेऊन जातात. त्यालाही ते हेच सांगत आले होते, की एसएलआरने दगा दिला.

"आपण फायर लावून धरला असता त तो झाडामागं पोचला असता," तात्या म्हणाले. "नसताही पोचला. ते कोन सांगावं? पण थ्री नॉट थ्री असती त मले ठाव असतं, की हात चालवावा लागते."

म्हणजे इतकी वर्षे ते जे वाक्य म्हणत होते ते खोटे नव्हते. त्यांची थ्री नॉट थ्रीची बाजू आम्हांला त्या रात्री प्रथमच कळली. तिच्यात उलटे बसवता येईल असे बूचच नाही. जी रायफल माणसाकडून काम काढून घेते ती त्याच्या चुकीलाही आत जागा करून देते, आणि ती चूक दारूच्या धुराइतकीच आतल्या आत बसून राहते. हे कोणत्याही कोष्टकात नाही. सफाईची रीत, बॅटरीचे मसाले, पावसाळ्यातली चिंदी आणि शिपायाच्या मानेची उंची यांना रकाने नसतात. आमचे मत अजूनही एसएलआरच्या बाजूने आहे. तसे आम्ही त्यांना सांगितलेही. ते हसले.

मागच्या मे महिन्यात तात्यांच्या नातीचे लग्न झाले. हळदीच्या संध्याकाळी जोडीदार आले. कुबडी ओसरीच्या खांबाला टेकवून ते बाजेवर बसले. मांडवातली पोरे भोवती जमली, आणि त्यांतल्या एकाने, ज्याचे अर्धे आयुष्य मोबाइलवर बंदुकांचे खेळ खेळण्यात जाते, तात्यांना विचारले, की आजोबा, सगळ्यांत भारी रायफल कोणती? जोडीदार हसून म्हणाले, "सांगा, सांगा. नाल्यापासून सांगा."

आम्ही आत जायला उठलो होतो. तात्यांनी हाताने आम्हांला बसवले. चंची उघडली, पुन्हा मिटली. जोडीदाराकडे तोंड करून म्हणाले, "नाल्याच्या आदल्या रातीपासून सांगतो. पाऊस चालू होता. बॅटरी तुह्या हातात होती, आठवते का?"